दाट चहा

शरयूकाकूंना अमेरिकेत येऊन अडीच महिने होत आले, तरी त्यांनी होकार दिला नव्हता आणि नकारही दिला नव्हता. नकार देणाऱ्या माणसाशी भांडता येतं, रडता येतं, गेला बाजार अबोला तरी धरता येतो. काकू मात्र विषय निघाला की कोथिंबीर निवडायला घ्यायच्या. कोथिंबीर नसेल तेव्हा निवडलेले तांदूळ पुन्हा निवडायच्या.

विषय म्हणजे टॉम नाकाशिमा. काकूंची एकुलती एक मालिनी सांगलीहून शिकायला सिएटलला आली आणि इथल्याच एका हॉस्पिटलच्या लॅबमध्ये नोकरीला लागली. टॉम तिथलाच. जन्माने अमेरिकन, चेहऱ्याने जपानी, आणि आमच्याकडे जेवून जेवून पोटाने निम्मा मराठी झालेला. त्याला आमच्या भाषेतला एकच शब्द अस्खलित यायचा, तो म्हणजे 'पुरे'. मराठी घरात दोनदा जेवलेल्या माणसाला तो शिकावाच लागतो.

दोघांना जूनमध्ये लग्न करायचं होतं. पण मालिनीने मला स्वच्छ सांगितलं होतं, "सुचित्राताई, आई मनापासून हो म्हणाली तरच. नाहीतर कॅन्सल करीन मी. टॉमलाही सांगितलंय."

मी माणसं जोखत आले आहे. कोण कुणाकडे किती वेळा जेवलं, कुणी डबा रिकामा परत केला आणि कुणी त्यात दोन लाडू घालून केला, हे माझ्या डोक्यात आपोआप साठत राहतं. मालिनी बोलते ते करते, हे त्यातलंच एक. आणि सांगलीला अण्णांनी, म्हणजे काकूंच्या यजमानांनी, सगळं काकूंवर सोपवून हात झटकले होते. "तू बघून ये. तू म्हणशील ते." शुक्रवारी काकूंचं परतीचं विमान होतं आणि काकू काही म्हणत नव्हत्या.

टॉमच्या आईने, फुमिकोबाईंनी, तीन वेळा घरी बोलावलं. तिन्ही वेळा काकूंचे गुडघे दुखले. शेवटी मी रेडमंडहून, माझ्या घरून, गाडी काढून मालिनीकडे गेले आणि त्यांना धरलंच.

"काकू, एवढं काय आहे त्या घरात?"

"घरी गेलं की पाणी घ्यावं लागतं," काकू म्हणाल्या. "पाणी घेतलं की निम्मी बोलणी झाली. मग मागे फिरायला तोंड राहत नाही."

यात भर सोवळ्याची. काकू बाटलीला तोंड लावत नाहीत, ग्लासला लावत नाहीत, वरून पाणी पितात. अमेरिकेत त्यांना मनापासून आवडलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे मॉलमधला पाण्याचा कारंजेवजा नळ. "तोंड लावावं लागत नाही," त्या म्हणायच्या. "एवढं एक यांना सोवळ्यातलं जमलंय."

मग मला युक्ती सुचली. फुमिकोबाई रविवारी सिएटलच्या एका जपानी बागेतल्या चहाघरात प्रवाशांना जपानी पद्धतीचा चहाचा विधी दाखवायच्या. नुसता दाखवायच्या नाहीत, पाहुण्याला आत बसवून, वाडगा कसा धरायचा, कसा फिरवायचा, हे करायला लावायच्या. मी म्हटलं, "काकू, ते घर नाही, बाग आहे. आणि आपण पाहुण्या नाही, तिकीट काढून आलेल्या प्रवासी."

काकूंनी हातातली कोथिंबीर खाली ठेवली. "तिकीट मीच काढीन," त्या म्हणाल्या. "म्हणजे कुणाचं मिंधेपण नको."

मालिनीला वाटलं, चहा करणाऱ्या बाई म्हणजेच टॉमची आई, हे तिच्या आईला ठाऊक नाही. टॉमला वाटलं, मी काकूंना फसवून आणते आहे. काकूंना सगळं ठाऊक होतं. आणि फुमिकोबाईंनाही कोण येणार ते कळलं होतं, हे मला बागेच्या दारातच समजलं. एरवी सुती किमोनो घालणाऱ्या बाई त्या दिवशी राखी रंगाच्या रेशमात उभ्या होत्या. दोन्ही आयांनी एकमेकींकडे परक्या माणसासारखं पाहून मान लववली. इतका सुबक खोटेपणा मी पूर्वी फक्त मुलगी दाखवण्याच्या कार्यक्रमात पाहिला होता.

पाऊस लागला होता. ओहायोचं एक जोडपं येणार होतं, ते आलं नाही. म्हणजे पाहुणे आम्ही चौघंच: काकू, टॉम, मालिनी आणि मी.

चहाघराचं दार इतकं बुटकं की गुडघ्यावर येऊन आत सरकावं लागतं. आमच्या काकू गाभाऱ्यात शिराव्यात तशा शिरल्या. गुडघ्यांनी अजिबात तक्रार केली नाही. आत चटयांचा ओल्या गवतासारखा वास होता. कोपऱ्यात एकच फूल, जमिनीतल्या चौकोनी खड्ड्यात निखारे, त्यावर लोखंडी किटली. बाकी खोली रिकामी. आमच्या दिवाणखान्यात एवढी जागा असती तर आम्ही तिथे आणखी एक सोफा कोंबला असता.

पहिल्या जागी काकूंना बसवलं. ती मानाची जागा, टॉम कुजबुजला. त्यांच्या शेजारी टॉम, मग मालिनी, आणि शेवटी मी.

फुमिकोबाई आत आल्या. साठीच्या पलीकडच्या बाई, पण गुडघ्यांवर बसताना चटईचा आवाजही झाला नाही. कमरेचं लाल रेशमी फडकं त्यांनी काढलं, त्याची घडी घातली, आणि चहाची डबी पुसली. डबी स्वच्छच होती. मग चहा काढायची बांबूची पळी पुसली. तीही स्वच्छ. मग वाडग्यात गरम पाणी घेऊन वाडगा खळबळला, पाणी टाकलं, पांढऱ्या कापडाने आतून, बाहेरून, काठावरून पुसला. सगळं इतकं सावकाश की मला वाटलं, आता मला झोप लागणार. पण लागली नाही. बाईंचा हात एका वस्तूवरून दुसऱ्या वस्तूकडे जाताना मध्ये कुठे रेंगाळत नव्हता आणि घाईही करत नव्हता. पाणी घ्यायची लांब दांड्याची पळी किटलीत बुडाली की उकळीचा आवाज थांबायचा आणि खोलीत फक्त पाऊस उरायचा. मी सहसा कुणावर भाळत नाही. त्या हातांवर भाळले.

काकू एकटक बघत होत्या. थोड्या वेळाने त्या टॉम-मालिनीच्या पाठीमागून माझ्या दिशेने झुकल्या. "सुचित्रा, घासलेली भांडी पुन्हा पुसतेय ती."

"हो ना."

"डोळ्यांदेखत पुसतेय. म्हणजे बघणाऱ्याच्या मनातही शंका नको." मग बऱ्याच वेळाने, अगदी हळू, "हिचं सोवळं माझ्यापेक्षा कडक आहे गं."

मी काकूंना पस्तीस वर्षं ओळखते. आमच्या सांगलीच्या गल्लीत त्या राहत. असं प्रमाणपत्र त्यांनी स्वतःच्या सासूलाही दिलं नव्हतं.

तेवढ्यात टॉम दचकला. फुमिकोबाई डबीतली हिरवी पूड वाडग्यात घालत होत्या आणि घालतच होत्या. टॉम मालिनीच्या कानाशी काही बोलला. मालिनीचा चेहरा उतरला.

"काय झालं?" मी विचारलं.

"ताई, टूरिस्टांना पातळ चहा देतात, प्रत्येकाला वेगळा वाडगा. या आज दाट चहा करतायत. तो बाहेरच्यांना कधीच देत नाहीत." तिने आईकडे पाहिलं. "तो सगळे एकाच वाडग्यातून पितात. एकामागून एक."

माझ्या मनात टाळी वाजली. तीन वेळा घरी बोलावून न आलेल्या बाईला फुमिकोबाईंनी न बोलता विचारलं होतं. आमच्याबरोबर एका वाडग्यातून पिणार का? मीही वाटाघाटी पुष्कळ केल्या आहेत, पण इतक्या सभ्यपणे कुणाला कोंडीत पकडलेलं पाहिलं नाही.

"आई," मालिनी वाकून म्हणाली, "तुला नको असेल तर मी सांगते त्यांना. काहीतरी सांगते."

"गप्प बस," काकू म्हणाल्या. "पूजा चाललीय."

फुमिकोबाईंनी गरम पाणी घातलं आणि बांबूच्या कुंच्याने तो चहा घोटायला लागल्या. घोटून घोटून तो इतका दाट झाला की काकूंना राहवलं नाही. "हे प्यायचंय की सारवायचंय?" त्या पुटपुटल्या. मालिनीला हसू आलं आणि ते दाबताना तिच्या डोळ्यांत पाणी आलं.

वाडगा काकूंपुढे आला. काळा, खडबडीत, एका बाजूने किंचित दबलेला. टॉमने हाताने खूण करून दाखवलं: डाव्या तळव्यावर घ्यायचा, थोडा फिरवायचा, साडेतीन घोट प्यायचे, काठ कागदाने पुसायचा आणि पुढच्याला द्यायचा. पुढचा तोच होता.

काकूंनी वाडगा तळव्यावर घेतला. तीर्थ घेताना घेतात तसा. फिरवला. आणि थांबल्या.

त्यांनी वाडगा ओठांपासून वर उचलला, मान मागे टाकली. मालिनीने डोळे मिटून घेतले. वरून प्यायचा काकूंचा बेत होता. पण तो चहा पाण्यासारखा पडणारा नव्हता. वाडगा तिरका झाला, हिरवी कड हळूहळू काठाकडे सरकली, आणि काठावरच थबकून राहिली. काकूंनी वाडगा खाली आणला. त्याच्याकडे पाहिलं. टॉमकडे पाहिलं. त्याने दोन्ही हात पुढे धरले होते, वाडगा घ्यायला, शिकवल्याबरहुकूम.

मग काकूंनी वाडग्याला तोंड लावलं. एक घोट, दोन, तीन. थांबल्या नाहीत. चौघांचा तो कडू, पिठल्यासारखा चहा काकू पीत राहिल्या, कपाळावर घाम आला तरी पीत राहिल्या, आणि रिकामा वाडगा त्यांनी समोर ठेवला.

टॉमचे हात तसेच हवेत होते.

फुमिकोबाईंनी रिकाम्या वाडग्याकडे पाहिलं. चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही अशी त्यांना शिकवण असावी, पण मला दिसलं. दुखलं होतं त्यांना. ज्या बाईपुढे वाडगा ठेवला, तिने तो पोराच्या हाती दिलाच नाही.

"आई!" मालिनी फुटलीच. "सगळा का प्यायलीस? त्याला द्यायचा होता ना! एवढंही करता येत नाही तुला?"

"अगं, तोंड लागलं होतं माझं!" काकूही चिडल्या. "जावयाला उष्टं देऊ मी?"

पाऊस पडत होता. मालिनीचं तोंड उघडं राहिलं ते राहिलंच.

"काय म्हणाल्या त्या?" टॉमने इंग्रजीत विचारलं. मालिनीला बोलवेना, म्हणून ते काम माझ्यावर आलं. मी आयुष्यात पुष्कळ गोष्टी इकडच्या तिकडे केल्या, पण इतकं अवघड कधी गेलं नव्हतं. उष्ट्याला इंग्रजीत शब्दच नाही. लेफ्टओव्हर म्हणावं तर ते फ्रीजमधलं शिळं. शेवटी मी म्हटलं, "आमच्यात आई आपल्या तोंडचं मुलीच्या नवऱ्याला देत नाही. तो मानाचा माणूस असतो. अपमान होतो त्याचा. म्हणून त्यांनी सगळा संपवला. त्या म्हणाल्या, माझ्या जावयाला मी उष्टं कसं देऊ."

फुमिकोबाईंनी एकच शब्द मला पुन्हा विचारला. सन-इन-लॉ? मी म्हटलं, हो, तोच शब्द.

बाईंनी दोन्ही तळवे चटईवर टेकवले आणि कपाळ हातांना लागेपर्यंत वाकल्या. वाकल्या आणि तशाच राहिल्या. किती वेळ, मला सांगता येणार नाही. काकूंनी आधी हात जोडले. मग त्यांना तेवढं अपुरं वाटलं असावं, त्याही वाकल्या. दोन पिकलेली डोकी, मध्ये रिकामा वाडगा.

मग फुमिकोबाईंनी वाडगा पुन्हा धुतला, पुन्हा पुसला, तितक्याच सावकाश, आणि दुसऱ्यांदा चहा घोटला. वाडगा पुढे ठेवण्याआधी त्यांनी टॉमला काही विचारलं. टॉम गडबडून म्हणाला, "मॉम विचारतेय, आधी कोणी प्यायचं? म्हणजे... हे असं कधी विचारत नाहीत. क्रम ठरलेला असतो."

"मुलांना द्या," मी मराठीत सांगताच काकू म्हणाल्या. "लेकरांचं उष्टं आईला चालतं."

टॉम प्यायला. मालिनी प्यायली, रडत, त्यामुळे तिचा घोट नीट मोजला गेला नाही. वाडगा काकूंकडे आला. टॉमने कागद पुढे केला, काठ पुसायला. काकूंनी तो बाजूला सारला, पोरीने जिथे तोंड लावलं होतं तिथेच लावलं, आणि निम्मा राखून वाडगा सरळ फुमिकोबाईंपुढे धरला.

"मॉम पीत नाही," टॉम घाईने म्हणाला. "करणारी पीत नसते. नियम आहे."

मी ते काकूंना सांगितलं. काकूंनी हात मागे घेतला नाही.

काठावर हिरवी ओली खूण होती, काकूंच्या ओठांची. फुमिकोबाई किटलीपासून उठल्या, आपली जागा सोडून आमच्या बाजूच्या चटईवर येऊन बसल्या. वाडगा घेतला. कागदाकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. तो फिरवायचाही विसरल्या, किंवा विसरल्या नसतील. त्या खुणेवर ओठ टेकवून त्यांनी उरलेला चहा संपवला.

मला चहा मिळालाच नाही. माझी आठवणही कुणाला राहिली नव्हती, आणि प्रथमच त्याचं मला काही वाटलं नाही.

बाहेर पागोळ्यांखाली आम्ही बूट घालत होतो. मालिनी आणि टॉम पुढे गेले होते, छत्री एक, आणि ती दोघांपैकी कुणाच्याच डोक्यावर नव्हती. मी काकूंच्या कानाशी लागले.

"काकू, आत तुम्ही 'जावई' म्हणालात. रागाच्या भरात गेलं तोंडून. लक्षात तरी आलं का?"

"मला मराठी येतं, सुचित्रा," काकू म्हणाल्या, आणि जूनमधला कुठला दिवस सोयीचा पडेल ते फुमिकोबाईंना विचारायला मला परत आत पाठवलं.