पेशीगुरूंचा चष्मा

फर्निचरच्या दुकानावरचा हॉल खचाखच भरला होता. जिन्यातही माणसं उभी होती आणि जो तो पुढच्याच्या खांद्यावरून डोकावत होता. समोर खुर्चीत एक निवृत्त पोस्टमन बसले होते. डोळ्यांवर काळा, जाडजूड चष्मा; पोहणाऱ्यांच्या चष्म्याचा थोरला भाऊ शोभावा असा. ते स्वतःच्या तळहाताकडे पाहत होते आणि चष्म्याखालून त्यांच्या गालांवर पाणी ओघळत होतं.

"दिसतात?" पांढऱ्या कोटातल्या गृहस्थांनी मऊ आवाजात विचारलं.

"दिसतात," पोस्टमन म्हणाले. "माझ्या पेशी हलतायत."

हॉलभर सुस्कारा फिरला. कोटातले गृहस्थ म्हणजे पेशीगुरू. पेशी म्हणजे लेकरू, असं ते सांगायचे. औषधांचा मारा केला की ती बिचारी भेदरते, प्रेमाने बोललं की सुधारते. हे लेकरू कुठल्या शाळेत ऐकायला शिकलं, ते मात्र त्यांनी कधी सांगितलं नाही. मग ते समोरच्याच्या तळहातावरून आपला हात संथपणे फिरवायचे, आणि चष्म्यातल्या माणसाला काळवंडलेल्या पेशी उजळताना दिसायच्या. दोन आजारी पेशी एकमेकींत मिसळून एक निरोगी पेशी व्हायची. निघताना एकच ताकीद: पाहिलंत ते कुणाला सांगू नका, कंपनं तुटतात.

माझ्या शेजारी माझी मावशी बसली होती. तिच्या छातीत गाठ निघाली होती. वेळेत सापडली आहे, आत्ताच काढली तर बऱ्या व्हाल, असं सर्जननी स्वच्छ सांगितलं होतं. मावशीने शस्त्रक्रियेची तारीख घेतली, ती पुढे ढकलली, मग पुन्हा ढकलली. इथली फेरी मात्र ती चुकवत नव्हती. त्या दिवशी तिने मला ओढून आणलं, कारण माझं कामच पेशींचं. मी एकदा पाहिलं की माझं तोंड बंद होईल, अशी तिची खात्री होती.

आमच्या प्रयोगशाळेत आम्ही सूक्ष्मदर्शकातून पेशीचे थरावर थर टिपतो. संगणक ते थर एकावर एक रचतो आणि आख्खी पेशी उभी करतो. मग असाच चष्मा घालून आम्ही तिच्यात शिरतो. ती खोलीएवढी मोठी होते, तिच्याभोवती फिरता येतं, वाकून खालून बघता येतं. सपाट चित्रात दडलेली गोष्ट तिथे चटकन सापडते. चष्मा खोटा नाही, माझं रोजचं अवजार आहे. म्हणूनच माझा जास्त तिळपापड होत होता.

माझी पाळी आली. चष्म्यावरच्या कॅमेऱ्यांतून हॉल जसाच्या तसा दिसत होता, माझा हातही. मग तळहाताची कातडी विरघळल्यासारखी झाली आणि आत हिरव्या-जांभळ्या पेशी झगमगू लागल्या. करंगळीखाली तीन काळे डाग होते. चित्र सुंदर होतं, यात वाद नाही. गुरूंनी हात फिरवला. डाग फिके पडले, दोन पेशी सरकत जवळ आल्या आणि त्यांची एक झाली.

हसावं की रडावं, मला कळेना. एका पेशीच्या दोन होतात, हे मी कामावर रोज पाहते. इथे तीच फिल्म उलटी चालवली होती.

मी चष्मा काढला आणि तसं मोठ्याने सांगितलं. हॉलमधून शू-शू झालं. गुरू रागावले नाहीत. त्यांनी माझ्याकडे दयेने पाहिलं आणि म्हणाले, "ताई फार शिकल्यात. त्यांच्या पेशी ऐकायच्या आधीच उलट उत्तर देतात."

हॉल खदखदून हसला. खाली उतरताना मावशीने माझा हात झिडकारला.

पुढचे काही आठवडे मी डोकं फोडून घेतलं. चित्रं दाखवली, समजावलं, चिडले, माफी मागितली, पुन्हा चिडले. काकांना, म्हणजे मावशीच्या यजमानांना, मध्यस्थी करायला सांगितलं, तर ते म्हणाले, तिला बरं वाटतंय ना, मग तू कशाला मोडता घालतेस? शेवटी मी मावशीला प्रयोगशाळेत नेलं आणि आमचा चष्मा तिच्या डोळ्यांवर चढवला. आत खऱ्या पेशी होत्या. मावशी बराच वेळ पाहत राहिली. चष्मा काढून समाधानाने म्हणाली, "अगदी त्यांच्यासारखंच दिसतं गं. म्हणजे ते खरंच सांगतात."

मी हात टेकले. पालथ्या घड्यावर पाणी, असंही मनात आलं. ते तोंडातून निसटायच्या आत मावशीच हळू आवाजात बोलली.

"त्या डॉक्टरांनी मला एक कागद दाखवला आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. यांनी मला माझं आतलं दाखवलं. मी कुणाचं ऐकू?"

इतके दिवस मी तिला तिची चूक सांगत होते. तिला काय हवं होतं, ते विचारलंच नव्हतं. मी तिच्याजवळ बसले आणि म्हटलं, "मावशी, वाद नको. एवढंच सांग, तो हात तुझाच आहे हे त्या चष्म्याला कसं कळतं?"

"कळतंच की."

"आणि नाही कळलं तर?"

ती विचारात पडली. बघून घेऊ, म्हणाली. माझी कटकट कायमची थांबावी, एवढाच तिचा हेतू होता. काकांचं कपड्यांचं दुकान आहे. तिथल्या काचेतल्या पुतळ्याचा एक हात मावशीने स्वतः फिरवून काढला आणि पिशवीत टाकला.

पुढच्या वेळी ती लांब बाह्यांचा सैल कोट घालून खुर्चीत बसली. चष्मा चढला. तिने आपला हात कोटात आत ओढून घेतला आणि बाहीतून प्लॅस्टिकचा हात पुढे केला. गुरूंचं तोंड भक्तांकडे होतं; ते भेदरलेल्या लेकराची गोष्ट सांगण्यात रंगले होते. न पाहताच त्यांनी त्या हातावरून आपला हात फिरवला.

"दिसतात?"

"दिसतात," मावशी म्हणाली. "करंगळीखालचे डाग आता जातायत. दोन पेशींची एक झाली."

तिने चष्मा काढला. पुतळ्याचा हात टेबलावर ठेवला, तेव्हा टक् असा आवाज झाला.

"हा आमच्या दुकानातल्या पुतळ्याचा हात आहे," ती म्हणाली. "याला काय आजार होता?"

गुरू क्षणभर चाचरले, मग म्हणाले, शक्ती निर्जीवातही चैतन्य घालते. आणि पहिल्या रांगेतल्या दोघांनी चक्क माना डोलावल्या. मला तिथल्या तिथे किंचाळावंसं वाटलं.

पण मागून पोस्टमन उठले. "बाई, तुम्हालाही करंगळीखालीच डाग? किती?"

"तीन."

"मलाही तीनच."

मग एकेक आवाज फुटू लागला. मधुमेहवाल्याला तीन, गुडघेदुखीवाल्या बाईंना तीन, सगळ्यांना करंगळीखालीच. महिनोन्‌महिने शेजारी शेजारी बसून कुणी कुणाला विचारलं नव्हतं, कारण विचारायचंच नाही असं ठरवून दिलेलं होतं. मी उभी राहिले. चष्म्याचे कॅमेरे फक्त हाताचा आकार ओळखतात, हे सांगितलं. हात कुणाचा, रक्तामांसाचा की प्लॅस्टिकचा, याची चष्म्याला पर्वा नसते. त्या आकारावर तो एक तयार फिल्म चिकटवतो, आणि गुरूंच्या हाताची छाया पडली की ती उलटी चालू होते. मग मी गुरूंना चष्मा खोलून दाखवायची विनंती केली. त्यांनी तो पेटीत घातला आणि आज कंपनं बिघडली आहेत म्हणत मागच्या जिन्याने निघून गेले.

मावशीची शस्त्रक्रिया झाली. मधल्या काळात गाठ वाढली होती. जे एका शस्त्रक्रियेत संपलं असतं, त्याला आता जोडीने लांबलचक उपचार लागले आहेत. ती सोसते आहे, आणि माझ्याशी अजून थोडी तुटक वागते. खरं सांगणाऱ्याचा राग यायला वेळ लागत नाही, जायला लागतो. सर्जननी मात्र या वेळी तिला समोर बसवून, कागदावर चित्र काढून सगळं समजावलं. हे आधी केलं असतं तर, असं मी त्यांना तोंडावर म्हटलं. त्यांनी मान खाली घातली.

पेशीगुरू दुसऱ्या गावी गेल्याचं कानावर आलं. आमच्याच हॉलमधल्या एका बाईंनी मला परवा त्यांचा तिथला पत्ता विचारला.

त्या बाईंना जे सांगितलं तेच सगळ्यांना सांगते. मी डोळ्यांनी पाहिलं, एवढ्यावर थांबू नका. डोळ्यांना काय दाखवायचं, ते आता कुणीही ठरवू शकतं. शेजारच्याला काय दिसलं ते विचारा. आणि जो माणूस विचारू नका म्हणतो, त्याच्यासमोर तर आधी विचारा.