लोम्बोंग गल्लीतले दोन आरसे

लोम्बोंग गल्लीतून भर दुपारी अंडी न्यायची नाहीत, हे त्या गावात लहान पोरालाही ठाऊक होतं. एकदा एक परगावचा अंडीवाला टोपली घेऊन गल्लीच्या वरच्या तोंडाने शिरला आणि खालच्या तोंडाने बाहेर पडला, तेव्हा सगळी अंडी उकडलेली. त्याने रडायचं सोडून कोपऱ्यावरून मीठमिरी मागवली आणि दुप्पट भावाने माल खपवला, ही गोष्ट वेगळी. पोस्टमन त्या गल्लीत काळ्या चष्म्याशिवाय पाऊल टाकत नसे. मांजरांचे तर फारच हाल. दोन बाजूंनी दोन सावल्या पडायच्या, त्यामुळे तिथलं प्रत्येक मांजर एकटंच भांडत बसायचं.

हे सगळं दोन आरशांमुळे. एक सिओक हुनच्या काढ्याच्या दुकानावर, दुसरा बरोबर समोर, यिओ बून पाहच्या शवपेट्यांच्या दुकानावर.

सुरुवात सिओक हुनने केली होती. तिचा नवरा कीट सेंग अर्धांगवायूने आडवा झाला आणि डॉक्टरने 'नव्या वर्षाचे फटाके ऐकले तरी खूप' असं म्हणून पिशवी उचलली, त्याच्या दुसऱ्या दिवशी तिने शिडी लावली. वरच्या मजल्याच्या खिडक्या प्लायवुड ठोकून बंद केल्या, कारण त्या शवपेट्यांकडे बघत होत्या. आणि दोन खिडक्यांच्या मधोमध अष्टकोनी आरसा बसवला. समोरून जे काही अभद्र येईल ते आल्या पावली परत जावं, एवढाच त्याचा धंदा. चार दिवसांनी यिओनेही आरसा लावला, हिच्यापेक्षा वीतभर मोठा. मग हिने आरशावर पत्र्याचा वाघ चढवला. त्याने मोडीत निघालेल्या आगबोटीच्या दिव्याची काच आणली. अंडी उकडायला लागली ती तेव्हापासून.

पण कीट सेंग त्या वर्षी फटाके ऐकून हसला. पुढच्या वर्षीही हसला. डॉक्टर गेला, डॉक्टरचा मुलगा म्हातारा झाला, गावातलं सिनेमा थिएटर पडलं, तरी कीट सेंग आपला प्लायवुडच्या आड, पंख्याखाली, अर्ध्या तोंडाने भात खात आणि अर्ध्या तोंडाने बायकोची चेष्टा करत जगत होता. सिओक हुनला यात काही नवल वाटत नव्हतं. आरसा होता ना!

आणि आता नगरपालिकेची हायाती त्या आरशाकडे बोट दाखवत पाचफुटीत उभी होती. पाचफुटी म्हणजे दुकानांपुढून सलग जाणारी छपराची वाट. गल्लीचं सगळं बोलणं-भांडणं तिथेच चालायचं.

"आंटी, जुन्या फोटोत आरसा नाही," हायाती म्हणाली.

"फोटोत मीही नाही. मलाही उतरवणार?"

"तुम्हाला कोण उतरवणार! तुम्ही वारसाच आहात."

"तोंड गोड आहे पोरीचं. घे, कडू कर." सिओक हुनने पितळी पिंपाची तोटी सोडून काढ्याचा वाडगा तिच्यापुढे सरकवला.

हायातीने एका दमात तो संपवला, डोळे मिटून शहारली आणि पुन्हा मुद्द्यावर आली. नगरपालिका वारसा-वस्तीतल्या दुकानांना दर्शनी भाग सुधारायला अनुदान देत होती. अट एकच. जुन्या फोटोत जे दिसतं ते पूर्ववत करायचं, जे दिसत नाही ते काढायचं. म्हणजे प्लास्टिकचं छत काढायचं, एसीचा डबा काढायचा, प्लायवुड काढून हिरव्या झडपांच्या खिडक्या उघडायच्या. आणि आरसा.

"छत काढ, एसी काढ. जिनासुद्धा काढ, मी दोरीने चढेन. आरशाला हात लावायचा नाही."

"मग अनुदान मिळणार नाही, आंटी. आणि भिंत तशीच राहिली तर वर्षअखेरीला दुकानाला सील. हे काही मी ठरवलेलं नाही." हायातीने मान वर केली. मागच्याच महिन्यात वरच्या भिंतीवरून गिलाव्याचा एक पोपडा सुटला होता आणि खाली उभ्या असलेल्या मोटरसायकलची सीट फाडून गेला होता. पोपडा जिथून सुटला तिथून एक चीर खिडकीच्या कमानीपर्यंत गेली होती. "अंकल कुठे झोपतात?"

सिओक हुनने नुसती हनुवटी वर केली. त्या चिरेच्या बरोबर मागे.

त्या दिवशी तिने काढा दोनदा करपवला. आरसा ठेवावा तर भिंत म्हाताऱ्याच्या अंगावर येणार. आरसा काढावा तर समोरचा शवपेटीवाला मापाची टेप घेऊन बसलेलाच. कोणाला कोणता काढा द्यावा हे ठरवायला तिला कधी विचार करावा लागला नव्हता. घशाला हे, पित्ताला ते. पण एकाच दुखण्याला दोन औषधं असावीत आणि दोन्ही विषारी, असं दुखणं तिच्या दुकानात पहिल्यांदाच आलं होतं.

ती तुआ पेक काँगच्या देवळात गेली. संत्री ठेवली, गुडघे टेकले आणि कौल लावायचे, चंद्रकोरीसारखे दोन लाकडी तुकडे जमिनीवर टाकले. एक सपाट आणि एक फुगीर बाजू वर आली तर देव हो म्हणतो. दोन्ही फुगीर आल्या तर नाही. दोन्ही सपाट आल्या.

"देव हसतोय," पुजारी म्हणाला. "पुन्हा टाक."

पुन्हा दोन्ही सपाट. तिसऱ्यांदाही तेच.

"एवढं हसण्यासारखं काय आहे?"

"ते देव सांगत नसतो."

"मग मीही त्याला सगळी संत्री देत नसते," म्हणून सिओक हुनने त्यातलं एक संत्रं उचललं आणि वाटेत सोलून खाल्लं. खाता खाता एक तोड सुचली. दोन्ही आरसे एकाच क्षणी उतरले तर? बंदुका दोघांनी एकदम खाली ठेवायच्या. कोणी कोणाचं देणं लागत नाही.

पण त्यासाठी यिओशी बोलायला हवं होतं, आणि आरसा लावल्यापासून तिने गल्ली ओलांडली नव्हती. तिने आपल्याच पाचफुटीत उभं राहून कमरेवर हात ठेवले.

"ए लाकूडतोड्या!"

समोर यिओ बून पाह रंधा मारत होता. त्याने भुसा झटकला. "काय वहिनी? गिऱ्हाईक पाठवताय का? तुमचा काढा पिऊन माणूस गल्ली ओलांडेपर्यंत टिकतो की नाही, हीच मला काळजी."

"तुझी पेटी बघून माणूस घाबरून काढा प्यायला येतो, म्हणून तर माझी चूल पेटते. ऐक. नगरपालिकेचं अनुदान तूही मागितलंयस ना?"

"मागितलंय. माझ्याही कमानी ढासळल्यात."

"तर मग तुझा आरसा आणि माझा आरसा एकाच वेळी खाली. आधी नाही, नंतर नाही."

ती घासाघीस करायच्या तयारीनेच आली होती. यिओ मात्र लगेच म्हणाला, "कधीही. उद्या उतरवू."

एवढ्या पटकन हो म्हटल्यावर तिला दरदरून घाम फुटला. शवपेटीवाला इतका खूश का?

दिवस ठरला तशी गल्लीत जत्रा भरली. दोन आरशांच्या मधे इतक्या वर्षांचं जे काही अडकून पडलं होतं, ते सुटलं की कोणाच्या डोक्यावर जाणार यावर पैजा लागल्या. न्हाव्याने गिऱ्हाईक अर्ध्या दाढीवर सोडलं. चहावाल्याने कपबश्या टेबलाखाली ठेवल्या. दोन्हीकडे शिड्या लागल्या, दोन्हीकडे गवंडी चढले, आणि मधोमध हायाती हात वर करून उभी राहिली.

"एक, दोन..."

सिओक हुनने डोळे मिटले. तिला वरून पंख्याची घरघर ऐकू येत होती. पंखा बंद पडला तर? आत्ता, या क्षणाला?

"तीन!"

आरसे उतरले. वाघ खाली येताना एका दोरीवर उलटा लोंबकळला, त्यावर कोणीतरी हसलं. बाकी काही झालं नाही. लोक म्हणतात, त्या क्षणी गल्लीतल्या मांजरांची एकेक सावली कायमची नाहीशी झाली. पण लोकांना काही बोलायला लागतंच. पंखा चालू होता.

मग गवंड्यांनी प्लायवुडला पहार लावली. फळी करकरली आणि सुटली. इतक्या वर्षांच्या अंधारातून धुळीचा लोट बाहेर आला आणि उजेड आत गेला. सिओक हुन जिना चढून वर धावली. कीट सेंग खुर्चीत बसून डोळे मिचकावत होता.

"सरकव," तो म्हणाला. त्याचे शब्द जाड पडत, पण तिला सगळे समजत. "खिडकीशी."

"ऊन लागेल, म्हाताऱ्या."

"लागू दे की. उन्हाला काय शिंगं असतात?"

तिने खुर्ची सरकवली. समोर शवपेट्यांचं दुकान उघडं पडलेलं होतं, ओळीने उभ्या पेट्या, आणि पाचफुटीत यिओ. कीट सेंगने बरा असलेला हात उचलला आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं ओरडला, "ए बून पाह! यंदाचा हात मारलास का?"

यिओने खालून ओरडून सांगितलं, "नाही अजून, दादा! पावसाळा सरू दे म्हटलं!"

"कसला हात?" सिओक हुनने विचारलं.

कीट सेंगचं अर्धं तोंड हसायला लागलं आणि अर्धं जागच्या जागी राहिलं, पण तेही ओशाळलेलं दिसत होतं.

"कसला हात, म्हाताऱ्या?"

"माझ्या लाकडाला. रोगणाचा."

ती पलंगाच्या कडेला बसली. तिच्या आजोबांनीही हेच केलं होतं, तिला आठवत होतं. माणूस धडधाकट असताना स्वतःची पेटी करवून घेतो, तिला दीर्घायुष्याचं लाकूड म्हणतात. दुकानात ठेवायची, दरवर्षी रोगणाचा एक हात द्यायचा. जितके हात चढतात, तितकी वर्षं मालक लांबणीवर पडतो. चांगला रिवाज आहे. पण तिच्या घरात समोरच्या दुकानाचं नाव काढायची बंदी होती, म्हणून कीट सेंगने आजारी पडायच्या आदल्या वर्षी गुपचूप पेटी सांगितली होती आणि गुपचूप ठेवली होती.

"आणि मी इतकी वर्षं तिच्यावर आरसा रोखून बसले?"

"अगं, तुला सांगितलं असतं तर तू माझ्यावर रोखला असतास."

सिओक हुन जिना उतरली ती थांबली नाही. काढ्याचं पिंप ओलांडलं, पाचफुटी ओलांडली, आणि लोक बघत असताना गल्ली ओलांडली. यिओ दोन पावलं मागे सरला.

"तुला माहीत होतं आणि तू माझ्यावर आरसा लावलास?"

"तुमच्यावर नाही हो, वहिनी!" यिओने रंधा छातीशी धरला. "तुमचा आरसा थेट दादांच्या पेटीवर येत होता. मी कितीही रोगण लावलं तरी तुमचा आरसा ते सगळं परतवून लावणार! पेटीला राखायला म्हणून मी आरसा लावला. मग तुम्ही वाघ आणलात. मी काय, पेटी उघड्यावर टाकू?"

म्हणजे तिने आणि यिओने मिळून एकाच माणसाला धरून ठेवलं होतं, एकाने इकडून ओढायचं, दुसऱ्याने तिकडून. दोघांचं बळ सारखं होतं म्हणून तो मधल्या मधे राहिला; ना इकडे, ना तिकडे, पंख्याखाली भात खात. देव का हसत होता ते आता कळलं. पण लगेच तिने वर खिडकीकडे पाहिलं. आता तर दोन्हीकडची दोरी सुटली होती. आता त्याला कोण धरणार?

"कुठे आहे?" तिने विचारलं.

यिओने आणि दोघा गवंड्यांनी ती पेटी बाहेर पाचफुटीत आणली, उजेडात. चार फुगीर ओंडक्यांची, जुन्या पद्धतीची. रोगणाचे इतके थर चढले होते की कडा गोल झाल्या होत्या आणि लाकूड खोल पाण्यासारखं दिसत होतं. सिओक हुन वाकली. त्यात तिला स्वतःचा चेहरा दिसला, थोडा काळा, थोडा लांबट, पण रागावलेला नाही. तिने बोटाच्या पेराने ठोकून पाहिलं. आवाज भरीव आला.

हायाती चिंतेत पुढे आली. पाचफुटीत वाट अडवणारं काहीही ठेवायचं नाही, हीही अनुदानाची अट होती. तिने पेटीकडे पाहिलं, सिओक हुनकडे पाहिलं, आणि मग समोरच्या कमानीवरच्या नक्षीत तिला एकाएकी फार रस वाटू लागला.

"ब्रश आण," सिओक हुन म्हणाली.

"वहिनी, हे काम सरावलेल्या हाताचं आहे. थर पातळ बसावा लागतो. मी करतो की."

"इतकी वर्षं तू केलंस. आण म्हटलं ना!"

तिने पाचफुटीत मांडी घातली आणि रोगणाच्या डब्यात ब्रश बुडवला. काढा ढवळायची सवय, त्यामुळे पहिला फटकारा जाड पडला. यिओने डोळे झाकून घेतले. वरच्या उघड्या खिडकीतून कीट सेंग मान काढून बघत होता. डोक्यावर ऊन, विरळ केस वाऱ्यावर.

"डावा कोपरा राहिला!" तो ओरडला.

"दिसतोय मला."

"नीट घे तिथे. माझं डोकं त्या बाजूला येणार आहे!"

"येईल तेव्हा येईल. ओलं आहे अजून, खबरदार हात लावलास तर!"

गल्ली हसली. सिओक हुन हसली नाही. ती कोपऱ्यात ब्रश फिरवत राहिली, एकदा, पुन्हा एकदा, गरज नसताना तिसऱ्यांदा.

"वहिनी," यिओ हळूच म्हणाला, "एवढा जाड थर या दमट हवेत वाळायला फार दिवस लागतील हो."

"लागू देत," ती म्हणाली, आणि तिने ब्रश पुन्हा डब्यात बुडवला.