काळ्या कागदातली बाटली

या, असे जवळ सरकून बसा. सूज उतरवणाऱ्या रंगाची गोष्ट सांगतो. लहानशीच आहे, पण लक्ष इकडे असू द्या.

पाणबुड्यानं बहिणीचं डोकं प्रयोगशाळेच्या टेबलावर आपटलं. काचेच्या नळ्या फुटल्या, फरशीभर जांभळं पाणी पसरलं. समुद्रतळाच्या अर्चिनांच्या, त्या काटेरी गोळ्यांसारख्या जीवांच्या, कवचातून तिनं तीन वर्षं खपून काढलेला तो रंग. उंदरांच्या पंजांची सूज त्यानं उतरली होती.

"कपाटातली बाटली दे! आईचे गुडघे सुजलेत!"

"दादा, माणसांवर अजून तपासलेलं नाही. आईला काही झालं तर?"

"उंदरांच्या पायांची एवढी काळजी, आणि जन्मदात्रीनं रांगत न्हाणीघर गाठायचं? अर्चिनांसाठी बुड्या मी मारायच्या, शहाणपण तू शिकवायचं!"

तिनं किल्लीवर मूठ आवळली. त्यानं दात-ओठ खात तिचं मनगट धरलं आणि पिरगाळलं. कट् असा आवाज झाला. किल्ली पडली. ती वाकली तशी त्यानं लाथ मारून तिला काचांवर लोटलं.

बाटलीत खरंच काही आहे ना, हे पाहायला त्यानं भोवतीचा काळा कागद टराटरा फाडला. उजेड लागला की तो रंग मरतो, हे सांगायला तिच्या तोंडात रक्ताशिवाय काही नव्हतं.

चौथ्या दिवशी ती दवाखान्यातून घरी आली, हात झोळीत बांधून. बाटली खिडकीत, भर उन्हात. आतलं पाणी तपकिरी झालेलं. पाणबुड्या तेच आईच्या गुडघ्यांना चोळत होता, तान्ह्या बाळाला तेल लावावं तसं.

"लेकाच्या हाताला गुण आहे हो," आई म्हणाली.

बहिणीनं बाटली उचलली, हलवली, जागेवर ठेवली.

"वाया गेलं?" त्यानं हळूच विचारलं.

तिनं मान डोलावली. त्याचा हात थांबला.

"थांबलास का रे? हिच्याही मनगटाला लाव. जिन्यावरून पडली म्हणे."

त्यानं झोळी सोडली. सुजेवर चार बोटं निळी उमटली होती. त्याच्या हातातून पाणी ठिबकत राहिलं.

"लाव ना," आई गुडघ्यांवर पदर ओढत म्हणाली. "जिथं धरलं होतंस, तिथंच."

उद्या देवापुढे हात जोडाल, तेव्हा त्या माउलीला तेवढं आठवा; हात आधी काय करून आलेत, ते तिच्यासारखं त्यालाही दिसतं.