वास्तुशांतीचा माईक

मी माईक बोलतोय. हो, तोच. डोक्यावर टपली मारल्याशिवाय माझ्याशी बोलायला कुणाला सुचतच नाही. गडमुडशिंगीच्या बाळासो साउंडवाल्यानं मला 'बिनवायरचा' म्हणून मिरवत आणलं. 'दोनच शब्द बोलतो' म्हणणाऱ्यांनी किती पंगती गार केल्या, ते मलाच ठाऊक!

गेल्या उन्हाळ्यात सयाजीमामाकडं वास्तुशांत होती. निदान मांडवाच्या फलकावर तसं लिहिलं होतं. आत मात्र त्याची भाची वर्षाराणी हिरव्या शालूत बसलेली. वय सोळा. वडील नाहीत आणि आई भावाच्या शब्दाबाहेर नाही. पोरगी आठवडाभर 'मला लगीन नको, शिकायचंय' म्हणत होती. सगळे 'हं हं' करत हळद कालवत होते.

पाहुण्यांचं स्वागत झाल्यावर मामानं मला आतल्या खोलीत कॉटवर टाकलं. त्याची पाठ वळताच वर्षाराणीनं मला पदराआड ओढलं आणि बटण हळूच वर सरकवलं. मला तर गुदगुल्याच झाल्या!

"मामा, मी सोळा वर्साची हाय. कायद्यानं अठरा लागत्यात."

"कायद्याला काय कळतंय? पावण्यांस्नी एकोणीस सांगिटल्यात म्या."

"आन् ग्रामसेविका मॅडम जेवाय बसल्यात की."

"तिला दोन जिलब्या जास्त वाढाय सांगतो. वास्तुशांत समजून जाती गप!"

मांडवातल्या कर्ण्यांनी हे सगळं गावभर केलं. वाढपी जागच्या जागी थिजले. ग्रामसेविका मोना मॅडमची जिलबी तोंडापाशीच थांबली.

"सयाजीराव, एकोणीस म्हणालासा न्हवं?" नवऱ्या मुलाचा बाप ओरडला.

मॅडमनी जिलबी ताटात ठेवली, हात धुतले आणि पोलिसांना फोन लावला. लग्न तिथंच थांबलं. मामानं मला भाचीच्या हातातून हिसकावलं, बाहेर आणलं आणि थेट जिलबीच्या पाकात भिरकावलं.

पुढचं मला कळलं ते वर्षाराणी माझी विचारपूस करायला बाळासोकडं आली तेव्हा. बालकल्याण समितीपुढं आईनं कबूल केलं, अठरापर्यंत लग्नाचं नाव काढणार नाही. घरी मात्र महिनाभर लेकीशी बोलली नाही. मग एका सकाळी आपणहून म्हणाली, "कालेजला जायाचं तर डबा कवा करायचा, सांग की."

"काका, ह्यो दुरुस्त हुतोय का?" वर्षाराणीनं विचारलं.

"न्हाय गं पोरी. घशात साखर बसलीया त्याच्या."

आता मी फळीवर पडून असतो. मुंग्या येऊन जातात. तोंड उघडलं तर नुसती खरखर. त्याचं काही वाटत नाही. मागणं एवढंच, की पोरीचं 'नको' घरातल्यांना चुलीपाशीच ऐकू यावं. त्यासाठी मांडवात कर्णे लावायची वेळ येऊ नये.