नावाड्याचा खांब

मित्रांनो, नदीकाठच्या चौकात तुम्ही ज्याला पाठ टेकून फोटो काढता, तो मी. मी एक जुना दगडी खांब आहे. उंचीने पुरुषभर, रंगाने काळा, आणि कमरेपाशी दोरांनी घासून पाडलेल्या सात-आठ खाचा. माझी गोष्ट गोड नाही. पण तुम्ही चौक बघायला येता, इतिहास शिकायला येता, तर ती तुम्हाला सांगायलाच हवी.

नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या खाणीत एका पाथरवटाने मला तीन महिने घडवले. छिन्नीची कपची उडून त्याचा डावा डोळा गेला होता, म्हणून तो मान तिरकी करून माझ्याकडे बघायचा आणि बायकोला विचारायचा, “सरळ आहे का गं?” ती म्हणायची, “तुमच्यापेक्षा सरळ आहे.” मग दोघेही हसायचे. त्यांनी मला होड्या बांधण्यासाठी घडवले होते, दुसऱ्या कशासाठीही नाही. तेव्हा नदी चौकाच्या पायऱ्यांना लागूनच वाहायची. आता जिथे कारंजे आहे, तिथे होड्या टेकायच्या.

ती वर्षे सुखाची होती. सगळे नावाडी मला दोर बांधायचे, पण त्यांतला एक मला माणसासारखे वागवायचा. पहाटे आला की माझ्या डोक्यावर थाप मारून म्हणायचा, “काय पैलवान, झाली का झोप?” पलीकडून पिठाची पोती, दुधाच्या बरण्या, अडलेल्या बाळंतिणी, सगळे त्याच्या होडीतून यायचे. त्याची एकुलती एक लेक पलीकडच्या काठावर दिली होती. तिच्या अंगणातली कपडे वाळत घालायची दोरी इथून दिसायची. त्या दोरीवर कपडे फडफडताना दिसले की दिवसभर त्याचे काम हलके व्हायचे.

मग शहरात साथ आली. चौकामागच्या धान्याच्या वखारीत आधी तीन हमाल मेले, मग त्यांच्या घरचे. साथ कुठून आली, हे सगळ्यांना ठाऊक होते. पण वखार होती शहराच्या अंमलदाराच्या मेहुण्याची. म्हणून दवंडी पिटली गेली की रोग पलीकडच्या काठावरून येतो आहे. होड्या बंद. पलीकडचे माणूस जो कोणी अलीकडे आणील, त्याला चौकात तीन दिवस बांधून ठेवले जाईल, आणि पाण्याचा थेंबही दिला जाणार नाही. तो हुकूम खळ लावून माझ्याच अंगावर चिकटवला होता.

पाचव्या दिवशी नावाड्याची लेक पलीकडच्या वाळूत येऊन उभी राहिली. नवरा कामासाठी परगावी अडकलेला, घरातले दाणे संपलेले, कडेवर सहा महिन्यांचे बाळ. ती ओरडायची, “बाबा!” पाण्यावरून आवाज फार स्वच्छ येतो, मित्रांनो. दोन दिवस नावाडी माझ्याजवळ बसून तो ऐकत राहिला. तिसऱ्या दिवशी धुके पडले होते. त्याने पहाटे दोर सोडला, आणि तो लेकीला नि नातवाला घेऊन आला. बाळ ठणठणीत होते. चौकातून जाताना ते हसल्याचे मी ऐकले.

त्या वेळी चौकात एकच माणूस जागा होता, तो म्हणजे पाववाला. त्याची भट्टी पेटलेली होती. बारा वर्षे त्याचे पीठ याच नावाड्याने आणले होते, आणि एकही पोते भिजू दिले नव्हते. त्याच्या बायकोला कळा लागल्या, तेव्हा भर पुरात होडी घालून सुईणीला यानेच आणले होते. पाववाल्याने पहिला घाणा भट्टीतून काढला, हात धुतले आणि तो सरळ अंमलदाराकडे गेला. परत येताना भेटेल त्याला सांगत होता, “मलाही पोरंबाळं आहेत हो. मी काय वाईट केलं?”

शिपायांनी लेकीला आणि बाळाला पुन्हा पलीकडे नेऊन वाळूत सोडले. नावाड्याला माझ्याशी बांधले. त्याचे तोंड मुद्दाम नदीकडे केले, म्हणजे त्याला लेक दिसत राहील. लेक तिथून हलली नाही. बाळाला पदराच्या सावलीत घेऊन ती या काठाकडे बघत बसली, आणि बाप त्या काठाकडे.

पहिल्या दिवशी लोक लांबून बघत होते. दुसऱ्या दिवशी जवळ आले. ज्यांना त्याने शेकडो वेळा नदी पार करून दिली होती, तेच लोक. कुणी घरून स्टूल आणले. कुणी म्हणाले, “उन्हात काय बांधलंय, सावलीत बांधलं असतं तर आपल्यालाही बसता आलं असतं.” त्यावर हशा पिकला.

दुपारी नावाड्याची बायको कळशी घेऊन आली. तिने पहाऱ्यावरच्या शिपायाचे पाय धरले. “भाऊ, दोन घोट पाजू द्या. तुमच्या पाया पडते.”

शिपाई म्हणाला, “माणसाला पाजायचं नाही असा हुकूम आहे. खांबाला पाज की! खांबाला कुठं मनाई आहे?”

लोक हसले. मग तिने खरोखरच कळशी उचलली आणि सगळे पाणी माझ्या डोक्यावर ओतले. ते माझ्या अंगावरून ओघळले. नावाड्याने मान वळवली आणि जीभ पोहोचेल तिथवर मला चाटायला सुरुवात केली. त्याची जीभ खरखरीत झाली होती. माझ्या दगडाने ती सोलली गेली, तरी तो थांबला नाही. लोक अजून हसत होते. एका बाईने मात्र तोंडावर हात ठेवला आणि ती घरी निघून गेली. बाकीचे बसून राहिले. शिपायाने माझे ओले अंग पोत्याने कोरडे पुसून काढले.

तिसऱ्या दिवशी उन्हाने नावाड्याचे डोळे सुजून मिटले. त्याला काही दिसेना. त्याने मोठ्या कष्टाने शिपायाला विचारले, “बसलीये का अजून?”

लेक बसलेली होती. तिथेच, त्याच वाळूत. मला दिसत होती, चौकातल्या प्रत्येकाला दिसत होती.

शिपाई जांभई देत म्हणाला, “कधीच गेली. वळूनसुद्धा बघितलं नाही तिनं.”

स्टुलांवर पन्नासेक माणसे होती. पाववाला पुढच्याच रांगेत होता. एकानेही तोंड उघडले नाही. ‘आहे रे, बसली आहे’ एवढे म्हणायला कुठल्याही हुकुमाची आडकाठी नव्हती. मी दगड आहे, मला जीभ नाही. आयुष्यात त्या एकाच दिवशी मला तिची गरज होती.

नावाड्याने मान खाली टाकली. दिवस कलायच्या आत तो गेला. त्याला सोडताना दोर इतका रुतला होता की तो कापावा लागला. लेक अंधार पडेपर्यंत बसून होती. तिला वाटले असावे, वडील झोपले.

पुढे दफ्तरात लिहिले गेले की नावाड्याने शहरात साथ आणली. साक्ष पाववाल्याची. साथ त्यानंतरही चार महिने चालली, आणि पाववाल्याची दोन मुले तिने नेली. मग मात्र लोक मला टाळू लागले. होड्या दुसरीकडे बांधू लागले. नदीला भिंत घातली, काठ लांब गेला, आणि मी कितीतरी वर्षे चौकात निरुद्योगी उभा राहिलो. भाजीवाल्या माझ्यावर टोपल्या टेकवायच्या, गुरे अंग घासायची. अलीकडे कुणाला तरी मी ‘ऐतिहासिक’ असल्याचे कळले. मला साखळीचे कुंपण आणि पितळी पाटी मिळाली. पाटीवर तेच दफ्तरातले वाक्य आहे.

गेल्या महिन्यात एका शाळेची सहल आली होती. गाइडने पाटी वाचून दाखवली, “याच नावाड्याने पलीकडून साथ आणली, शेकडो माणसं दगावली, म्हणून त्याला या खांबाला बांधलं.” मुले म्हणाली, “मग बरं झालं!” वर्गाच्या मॉनिटर मुलीने विचारले, “पण सर, तो पलीकडून कुणाला आणत होता?” गाइड म्हणाला, “ते काही लिहिलेलं नाही. चला, फोटोसाठी पाच मिनिटं.”

मला त्या मॉनिटरबद्दल फार आशा वाटली.

त्यांच्या वर्गात एक बोलताना अडखळणारी मुलगी होती. सगळे तिला ‘धक्कास्टार्ट’ म्हणायचे. कुणीतरी ओरडले, “धक्कास्टार्टला बांधा! नावाडी करा तिला!” तिला ओढत साखळीच्या आत आणले. ती “न-न-नको” म्हणत होती, आणि तिच्या प्रत्येक “न”बरोबर हशा वाढत होता. बांधायला काही सापडेना. तेव्हा मॉनिटरने मैत्रिणींकडे पाहिले, आणि गळ्यातला आपला स्कार्फ काढून दिला. गाठही तिनेच मारली, घट्ट. वर्गाच्या बाईंनी मोबाइल वर धरला. “छान! सगळे हसा बरं!” बांधलेली मुलगीही हसली. न हसून काय करणार?

बसचा हॉर्न वाजला आणि सगळे पळाले. गाठ मागच्या बाजूला होती, तिचा हात पोहोचत नव्हता. थोड्या वेळाने मॉनिटर धावत परत आली. तिने गाठ सोडली, स्कार्फ झटकला, नीट घडी घातली. तो तिचा आवडता असावा. मुलीच्या तोंडाकडे तिने एकदाही पाहिले नाही.

मुलगी म्हणाली, “थ-थँक्यू.”

मित्रांनो, जुन्या वस्तू जपा, असे तुम्हाला पुष्कळांनी सांगितले असेल. मला जपू नका. मी पावसाने धुतला जातो, उन्हाने वाळतो, आणखी दोनशे वर्षे मला काही होत नाही. मला फक्त एवढेच सांगायचे आहे की ज्याला बांधले आहे, त्याच्या तोंडाकडे एकदा बघा. त्याने काही विचारले, तर खरे उत्तर द्या. आणि त्याने तुमचे आभार मानले, तर त्या रात्री तुम्हाला झोप लागू नये.