जावांचा परवाना

दोघी सख्ख्या जावा. धाकटी लग्न होऊन आली आणि तिसऱ्याच महिन्यात थोरलीने तिला आपल्याबरोबर कामाला नेलं. तेव्हापासून सहा वर्षं दोघी मिळून लोकांची घरं साफ करत होत्या. अकरा घरं झाली, हाताखाली आणखी दोन बायका आल्या. काम चोख, बोलणं गोड. थोरलीला वावडं एकाच गोष्टीचं, ते म्हणजे कागदाचं!

अकरांतलं एक घर निवृत्त कारकुनाचं. त्यांची सगळी नोकरी परवाना खात्यात गेलेली. थोरली फरशी पुसू लागली की खुर्चीत पाय वर घेऊन ते हमखास विचारायचे, "काय गं, धंद्याची नोंदणी केलीस का?"

"धंदा कसला, काका? केर काढतो आम्ही. झाडूला का परवाना लागतो?"

"झाडूला नाही, पण झाडूमागच्या माणसाला लागतो. तुझ्या शब्दावर तीन बायका कामाला येतात. उद्या एखादीला काही झालं तर?"

"बघू," म्हणून थोरली फडकं पिळायची. विषय तिथेच राहायचा.

एका सकाळी कामाच्या एका घरी धाकटी खिडकीच्या वरच्या काचा पुसायला स्टुलावर चढली. खालची फरशी थोरलीने नुकतीच पुसली होती. स्टूल सरकलं आणि धाकटी उजव्या हातावर आपटली. मनगट मोडलं.

दवाखान्यात परिचारिकेने अर्ज पुढे ओढला. "कुठे पडलात? कामावर का? मालक कोण? विमा आहे?"

थोरली शब्द जुळवत होती, तेवढ्यात धाकटीच म्हणाली, "घरी पडले हो, पडदे लावताना. मी काम नाही करत कुठे."

परिचारिकेने तसंच लिहून घेतलं.

बाहेर बाकावर बसल्यावर थोरलीने विचारलं, "खोटं का बोललीस गं?"

"मग काय सांगू? तुमच्यामागे चौकशीचं लचांड लागलं असतं. माझा हात काय, जुळेल. तुम्ही अडकलात तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू, जाऊबाई?"

थोरलीच्या मनात आलं, सहा वर्षं ही पोर माझ्याबरोबर राबली आणि आज मला वाचवायला तिने ती सहाही वर्षं पुसून टाकली! झाडूला परवाना लागतो का म्हणून आपण हसत होतो. त्या हसण्याचं मोल हिच्या हाताने मोजलं.

धाकटीला घरी पोचवून ती थेट कारकूनकाकांकडे गेली आणि घडलेलं सगळं सांगितलं. काका रागावले नाहीत. वही घेऊन ते मोठ्या अक्षरांत लिहायला बसले.

"आधी धंद्याला नाव दे आणि त्या नावाची नोंदणी कर. मग नगरपालिकेत विचार, या कामाला परवाना लागतो का, कोणता लागतो. गावोगावचे नियम निराळे, म्हणून माझ्या शब्दावरही जाऊ नकोस, खिडकीवर विचार. कर भरावा लागतो का, तेही तिथेच कळेल. बँकेत धंद्याचं खातं वेगळं काढ. आणि विमा दोन प्रकारचा घे. एक काम करणाऱ्या बायकांसाठी, दुसरा लोकांच्या घरात काही फुटलं-तुटलं तर."

"एवढं मला जमेल का, काका? खिडकीपुढे उभं राहायची भीतीच वाटते."

"अगं, तिसऱ्या मजल्याच्या खिडक्या पुसतेस तू! आणि जमिनीवरच्या खिडकीला घाबरतेस?"

थोरलीला हसू फुटलं.

दुसऱ्या दिवशी ती नगरपालिकेत गेली. चुकीच्या रांगेत तासभर उभी राहिली, मग बरोबर रांगेत. खिडकीतला माणूस वर न बघता म्हणाला, "मालकांना पाठवा, बाई."

"मालक आम्हीच आहोत. मी आणि माझी जाऊ!"

त्याने मान वर केली आणि भागीदारीतल्या परवान्याचा अर्ज पुढे सरकवला. दोघींच्या सह्या हव्या होत्या, पण धाकटीचा हात प्लास्टरमध्ये.

"तुम्हीच करा ना माझी सही," धाकटी म्हणाली. "कोणाला कळतंय?"

"मला कळतं ना! तुझ्या सहीशिवाय हा अर्ज जाणार नाही. हात बरा होऊ दे."

दीड महिना अर्ज कपाटात थांबला. प्लास्टर निघाल्यावर धाकटीने जीभ दातांत धरून वाकडीतिकडी सही केली आणि तिला रडूच कोसळलं. सासरी आल्यापासून कुठल्याही कागदावर कुणी तिला मालकीण म्हटलं नव्हतं.

परवाना आला, विमा झाला. कामाच्या दोघी बायकांना नेमणुकीची पत्रं मिळाली. मग जावा लेखी करार घेऊन घरोघर गेल्या. एका घरी बाई कुरकुरल्या, "तुम्ही अगदी घरच्यासारख्या. करार कशाला मध्ये?"

"घरच्यासारख्या म्हणता ना, ताई? मग घरच्या माणसाच्या हातापायाची काळजी नको का घ्यायला?"

बाई करार वाचायला चष्मा शोधू लागल्या.

कारकूनकाकांनी मात्र करार अर्धा तास वाचला आणि सही न करताच परत दिला. "तिसऱ्या ओळीत चूक आहे. दुरुस्त करून आणा!"

दोघी जावा हसत सुटल्या आणि तो कागद नव्याने लिहायला तिथेच, त्यांच्या टेबलाशी बसल्या.

मंडळी, माया माणसाला सावरून धरते, पण अपघाताच्या दिवशी कागदही हाताशी लागतो. आपल्या घरी राबायला येणाऱ्या हातांना गोड शब्द जरूर द्या, पण तेवढ्यावर थांबू नका. त्यांची नोंदणी, त्यांचा विमा, त्यांचा करार यांची आपुलकीने चौकशी करा. आणि जे स्वतः राबतात त्यांनी आपल्या कामाला आधी स्वतः काम म्हणावं. मग जगालाही ते म्हणावंच लागतं!