नाम्फामोच्या गळ्यातले लोखंड

मित्रांनो, मी एक जुना गळपट्टा आहे. कुत्र्याचा असेल असे समजून तुम्ही पुढे निघून जाल, म्हणून आधीच सांगून टाकतो. मला माणसाच्या गळ्यासाठी घडवले होते.

रोमनांच्या काळी, उत्तर आफ्रिकेतल्या नुमिडियाच्या डोंगरांत, जैतुनाच्या बागांमधल्या एका लहान गावी माझा जन्म झाला. लोहाराने मला तापवले, वाकवले, आणि माझ्यावर छिन्नीने अक्षरे कोरली: ‘मी पळालो आहे. मला धरा. वेनुस्टसच्या घरी परत पोचवा.’ लोहाराला वाचता येत नव्हते. समोरच्या पाटीवरच्या रेघा त्याने जशाच्या तशा उतरवल्या. मी काय बोलतो आहे हे मला घडवणाऱ्यालाच ठाऊक नव्हते, पण मी बोलू लागलो होतो, आणि त्यानंतर मला गप्प बसता आले नाही.

वेनुस्टसचा तेलाचा घाणा होता आणि नाम्फामो त्या घाण्यावर राबणारा गुलाम. एकदा त्याच्या हातून तेलाने भरलेला रांजण फुटला. चाबकाच्या धाकाने तो डोंगरात पळाला आणि चौथ्या दिवशी सापडला. पूर्वी अशा पळपुट्यांच्या कपाळावर डाग देत. ती चाल तेव्हा मागे पडत चालली होती, त्यामुळे माझ्यासारखा पट्टा घालणे हा दयाळूपणा समजला जाई. वेनुस्टस तर गावच्या ख्रिस्ती मंडळीतला मानाचा माणूस, दर रविवारी देवाचे वचन वाचून दाखवणारा. त्याने नाम्फामोला खाली बसवले, माझी दोन्ही टोके जुळवून घेतली आणि लोहाराकडून खिळा ठोकून घेतला. मला कडी नव्हती की कुलूप नव्हते. एकदा बसलो की बसलो.

घाण्यावरची म्हातारी सनामे तेवढी त्याच्याशी पहिल्यासारखी बोलली. “दागिना तर झोकात आहे,” ती म्हणाली. “आता वरात कधी काढतोस?” नाम्फामो हसला. तो हसला तेव्हा मी त्याला टोचलो, आणि पुढे बरेच दिवस तो हसला नाही.

माझे कौतुक मात्र भरपूर झाले. आजूबाजूचे मळेवाले येऊन मला निरखून बघत, अक्षरे किती ठसठशीत आहेत म्हणत, आणि जाताना लोहाराकडे डोकावत. मलाही आधी थोडा गर्व झाला होता, खोटे का बोलू?

पण मित्रांनो, गळ्यात राहणे सोपे नसते. नाम्फामोने घोट घेतला की मी वर सरके. तो बोलायच्या आधी त्याच्या घशातली थरथर मला कळे. घशापर्यंत येऊन माघारी गेलेले शब्द मी जितके ऐकले, तितके बाहेर पडलेले ऐकले नाहीत. कधीकधी वाटे, त्या शब्दांच्या जागी मीच बोलतो आहे, त्याच्या नावाने, आणि तोही न विचारता. तो ओढ्यात वाकून पाणी पिई तेव्हा पाण्यात त्याचे तोंड मिटलेले दिसे आणि त्याखाली माझी अक्षरे उलटी हलत.

दोन हंगामांनी तो पुन्हा पळाला. या खेपेला माझ्याभोवती फडके गुंडाळून तो थेट बंदराच्या गावी गेला. आमच्या मंडळीचे वडील धर्मगुरू, मिगिनबाबा, तिथे सरकारच्या पहाऱ्यात एका खोलीत राहत होते. बाबांची दृष्टी जवळजवळ गेली होती. त्यांनी फडके सोडले आणि माझ्यावरून बोट फिरवत मला वाचले. शेवटचे अक्षर संपल्यावर ते बराच वेळ आपली बोटे पुसत राहिले.

नाम्फामो म्हणाला, इथल्या लोहाराला बोलवा, तोडून टाका. बाबा म्हणाले, “मी तोडला तर तू पळून आलेलाच राहशील, लेकरा. जन्मभर मागे वळून बघशील. ज्याने घातला त्यानेच काढायला हवा.”

मग त्यांनी वेनुस्टसला पत्र सांगितले. लिहिणाऱ्याने ते लिहिले, आणि बाबांनी नाम्फामोकडून ओळन् ओळ पाठ करून घेतली. पत्र नेणाऱ्याला ते तोंडपाठ हवे असा त्यांचा नेमच होता. पत्र ओढ्यात भिजले तरी निरोप बुडू नये म्हणून. तीन दिवस ती वाक्ये माझ्या आतून येत-जात होती. ‘तो गेला तेव्हा तुझा गुलाम होता, येतो आहे तो माझा मुलगा होऊन, म्हणजे तुझा भाऊ. त्याचा अपराध पोटात घाल. आणि त्याच्या गळ्यातले लोखंड तू आपल्या हाताने काढ, आणि काढताना त्याची क्षमा माग.’ या शेवटच्या वाक्यासाठीच नाम्फामो परत निघाला. एरवी दूर निघून जायला समोर गलबते उभी होती.

आमच्या गावची रीत अशी, की बाबांचे पत्र आले की ते सगळ्या मंडळीपुढे उघडायचे आणि उभ्याने ऐकायचे. वाचणारा अर्थातच वेनुस्टस. त्याचा आवाज गावाला अभिमान वाटावा असा होता. रविवारी सकाळी नाम्फामो उपासनाघराच्या दारात उभा राहिला तेव्हा वेनुस्टसचा चेहरा पांढरा पडला, पण पत्रावरची लाखेची मुद्रा बाबांची होती आणि माणसे उठून उभी राहिली होती. त्याने ती फोडली.

तो वाचू लागला. नाम्फामो ओठ न हलवता त्याच्याबरोबर म्हणत होता. गुलाम, मुलगा, भाऊ, अपराध पोटात घाल. इथे वेनुस्टसचा आवाज थांबला. नाम्फामोचा घसा पुढे गेला, अख्खे वाक्य संपवूनच थांबला. मग वेनुस्टसने ‘सर्वांना नमस्कार’ एवढे वाचले आणि पत्र गुंडाळले. ते मंडळीच्या पेटीत जायचे, तर त्याने आपल्या झग्यात सरकवले. वाक्य गाळलेले दोघांनाच ठाऊक होते. मला धरून तिघांना.

उपासनेच्या शेवटी सगळे एकमेकांना शांतीचे चुंबन देत. वेनुस्टसने नाम्फामोला भाऊ म्हटले आणि मिठी मारली. बायका रडल्या. माझी कड वेनुस्टसच्या गळ्याला लागली, आणि मित्रांनो, त्या क्षणी मला त्याच्याही घशात एक शब्द अडकलेला ऐकू आला.

त्याने क्षमा केली नाही असे मी म्हणणार नाही. चाबूक निघाला नाही. ताटात घरचीच भाकरी आणि खारे मासे येऊ लागले. फक्त मी तिथेच होतो. सनामेने एकदा सर्वांदेखत विचारलेच, “धनी, भावाचा पट्टा कधी सोडवणार?”

“बाबांनी पत्रात तसं काही लिहिलेलं नाही, सनामे,” वेनुस्टस म्हणाला.

नाम्फामो तिथेच पेंड उपसत होता. वाक्य त्याच्या घशाशी आले आणि माघारी गेले.

त्यानंतर दर रविवारी भाऊ, मिठी, आणि माझी थंड कड. चौथ्या रविवारपासून वेनुस्टस भर उन्हाळ्यात गळ्याला फडके बांधू लागला. भाकरी गिळवत नाही म्हणून पेजेवर राहू लागला. घाण्यावर उभा असताना तो दोन बोटे गळ्याभोवती फिरवी, जणू काही सैल करतो आहे. त्याच्या गळ्यात काहीच नव्हते. मी तर नाम्फामोच्या गळ्यात होतो, हे मी शपथेवर सांगतो. पण एकदा तो पाणी पीत होता आणि मला, अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, त्याचा घोट जाणवला.

सातव्या रविवारी तो वाचायला उभा राहिला. पुस्तक उघडले, तोंड उघडले, आणि त्या प्रसिद्ध आवाजात म्हणाला, “मी पळालो आहे.”

लोक एकमेकांकडे बघू लागले. त्याने पान चाचपले आणि पुन्हा सुरुवात केली. “मला धरा.” त्याचे डोळे भीतीने मोठे झाले होते. पुस्तकात ते शब्द नव्हते. ते माझे होते, माझ्यावर कोरलेले होते, आणि तरी मी त्या वेळी गप्प होतो. जन्मात पहिल्यांदाच मी गप्प होतो. तिसऱ्यांदा त्याने तोंड उघडले आणि तो पुढे कलंडला. कुणी जागचे हलले नाही. नाम्फामो चालत पुढे गेला आणि त्याने त्याला दोन्ही हातांनी धरले.

“एक वाक्य राहिलंय, धनी,” तो हळूच म्हणाला.

“तुला माहीत होतं?”

“पाठ होतं. बाबांनी घोकून घेतलं होतं.”

“मग बोलला का नाहीस?”

“मी बोललो असतो तर ते माझं मागणं झालं असतं,” नाम्फामो म्हणाला. “तुम्ही वाचाल म्हणून थांबलो होतो.”

वेनुस्टसने झग्यातून पत्र काढले. सात आठवडे ते तो अंगावर वागवत होता. ते वाक्य त्याने वाचले, आणि त्याचा आवाज अगदी साधा, फाटका आला. मग कानस मागवली. लोहार पुढे झाला तर त्याला त्याने मागे सारले. तेलाचा घाणा चालवणारे हात, कानशीची सवय नाही. दुपार कलली तरी तो घासतच होता. कानस निसटून त्याची बोटे सोलली. माझ्या अक्षरांत त्याचे रक्त गेले. मला दुखले, आणि बरे वाटले. घासता घासता तो क्षमा मागत होता, आधी चाबकाच्या धाकासाठी, मग माझ्यासाठी, मग गाळलेल्या वाक्यासाठी.

मी तुटलो. माझ्याखालची कातडी पांढरी होती, लहान मुलाच्या अंगासारखी. वेनुस्टसने मिठीसाठी हात पुढे केले. नाम्फामो एक पाऊल मागे सरला.

“आज नको, भाऊ,” तो म्हणाला. आजवर त्याने त्याला असे कधी म्हटले नव्हते. “क्षमा केली आहे. पण आज मला कुणी हात लावू नका.” आणि तो बाहेर उन्हात निघून गेला. वेनुस्टस रिकामे हात घेऊन तसाच उभा राहिला, आणि त्याने त्याला हाक मारली नाही.

मित्रांनो, माझी तुमच्याकडे एकच विनंती आहे. ज्याला तुम्ही भाऊ म्हणता, त्याच्या गळ्याकडे एकदा नीट बघा. तिथे तुम्हीच घातलेले काही असेल, तर ते तुमच्याच हातांनी काढा, आणि काढल्यावर त्याने लगेच जवळ यावे अशी घाई करू नका.

मला मंडळीच्या पेटीत, त्या पत्राशेजारी ठेवले. तिसऱ्या रविवारी पेटीच्या लाकडातून मला नाम्फामोची पावले ऐकू आली. तो आपणहून आला होता, असे सनामे शेजारणीला सांगत होती, आणि त्याने आधी हात पसरले. ती मिठी कशी होती हे मात्र मला सांगता यायचे नाही. त्या दोघांच्या मध्ये मी नव्हतो.